पंचाहत्तर किलोखालचा गट

सत्तावन्न किलो वजन उतरवल्याबद्दल मला जे पहिलं अभिनंदन मिळालं, ते “कितवी स्टेज आहे?” या शब्दांत.

विचारणाऱ्या होत्या पहिल्या मजल्यावरच्या काकू. जिन्यात गाठलं मला. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात माझ्या दंडावर, आणि डोळे काठोकाठ.

मी म्हणालो, “काकू, व्यायाम करतोय. रोज दीड तास.”

“हो, हो. तसंच म्हणायचं,” काकू म्हणाल्या. “मन खंबीर पाहिजे.”

एकशे एकतीस किलोचा होतो तेव्हा मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. जिना चढताना मी दोनदा थांबायचो, कठड्याला धरून भात्यासारखा फुसफुसायचो, आणि शेजारी म्हणायचे, “खाऊन-पिऊन सुखी आहेत.” आता तिन्ही मजले एका दमात चढतो, तर लोक दारं किलकिली करून बघतात, आज वरपर्यंत पोचतो की नाही म्हणून.

कचेरीतही तेच. मी वजनमापे खात्यात आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे आमचं काम. त्यासाठी वीस-वीस किलोची लोखंडी प्रमाण वजनं असतात. पूर्वी ती उचलताना माझा जीव जायचा तेव्हा शिपाई खिडकीतून बाहेर बघत उभा असायचा. आता मी एका हाताने उचलतो, तर तो धावत येतो आणि माझ्या हातातून काढून घेतो. “राहू द्या साहेब, तुम्ही फक्त सही करा.” त्याला स्वतःला कमरेला पट्टा आहे. आमच्या वरिष्ठांनी तर माझी खुर्ची खिडकीजवळ हलवली आणि फाइल देताना म्हणाले, “जमेल तसं बघा.” सरकारी कचेरीत हे वाक्य फक्त दोन प्रकारच्या माणसांना ऐकवतात. एक मरणाऱ्याला, दुसरं मंत्र्याच्या मेव्हण्याला. माझी एकुलती एक बहीण पोस्टमनची बायको आहे.

त्या दिवशी संध्याकाळी जिममध्ये मी डंबेल बाजूला ठेवून नुसताच बसलो. आमच्या प्रशिक्षकांना सगळे पोलादसर म्हणतात. ते बोलतात कमी, आणि जे बोलतात ते मोजल्यासारखं.

“काय झालं?”

“सर, सगळ्यांना वाटतंय मी आता जाणार.”

पोलादसरांनी भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. जिल्हास्तरीय शरीरसौष्ठव स्पर्धा. चाळिशीपुढील खुला विभाग, पंचाहत्तर किलोखालील गट.

“उभे राहा. स्टेजवर. फक्त चड्डीवर. मग कोण म्हणतो आजारी?”

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. आजारी दिसणारा माणूस कपडे काढल्यावर आणखीच आजारी दिसतो, एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. पोलादसरांचं एक वेळ ठीक आहे. मी मात्र पदवीधर आहे.

घरी सांगितलं. बायको कपडे घडी करत होती. तिचे हात थांबले.

“लोकांसमोर? कपडे काढून?”

“चड्डी असते.”

“ती असून नसल्यासारखीच. आणि तुम्ही तर घरातसुद्धा...” एवढं बोलून ती थांबली आणि घड्या घेऊन आत निघून गेली.

ती काय बोलता बोलता थांबली ते मला कळलं होतं. गेलं दीड वर्ष मी खोलीचं दार आतून लावून कपडे बदलत होतो. वजन उतरतं हो, कातडी उतरत नाही. एकशे एकतीस किलोच्या माणसाच्या मापाने बेतलेली कातडी आता चौऱ्याहत्तर किलोच्या माणसाच्या अंगावर होती. मोठ्या भावाचा कोट घातल्यासारखी. पोटावर तिची झालर लोंबायची, दंडाखाली झोळ्या, मांड्यांवर चुण्या. सदऱ्याच्या आत मी ती नीट घडी करून ठेवायचो. आरशासमोर मी एकटाच उभा राहायचो, आणि तोही दिवा न लावता.

तरीही अर्ज भरला. अर्जाबरोबर दोन कागद हवे होते: डॉक्टरांचा प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला, आणि ओळखपत्र.

पहिल्यांदा डॉक्टर. हेच ते डॉक्टर, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं की वजन कमी करा, नाहीतर माझ्याकडे यायची गरज पडणार नाही. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि चष्मा काढला.

“एवढं वजन कसं काय उतरलं?”

“तुम्हीच सांगितलं होतं.”

“अहो, मी सगळ्यांनाच सांगतो,” डॉक्टर काळजीच्या सुरात म्हणाले. “कुणी करत नाही. हे काहीतरी वेगळंच दिसतंय.”

आणि त्यांनी अकरा तपासण्या लिहून दिल्या. सगळ्या नॉर्मल आल्याशिवाय दाखला मिळणार नाही.

रक्त तपासणीच्या ठिकाणी मी बाही वर करून बसलो होतो. ताईंनी समोर अकरा बाटल्या ओळीने मांडल्या. तेवढ्यात पडदा सरकवून पहिल्या मजल्यावरच्या काकू आत डोकावल्या. त्या साखर तपासायला आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे पाहिलं, आणि ओठ हलवत त्या मोजल्या. मग पडदा पुन्हा सरकवला. मी घरी पोचायच्या आत अकरा बाटल्या घरी पोचल्या होत्या.

अकराच्या अकरा रिपोर्ट नॉर्मल आले. मी ते हातात फडकवतच जिना चढलो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांना थांबवून सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. म्हणाले, “पेशंटला असंच सांगतात.”

मग सल्ल्यांचा पूर आला. कुणी गाजराचा रस सांगितला, कुणी गाजर कटाक्षाने टाळायला सांगितलं. समोरच्या इंजिनियरने मला मनाच्या अफाट शक्तीवरचं एक जाडजूड पुस्तक दिलं. आत पहिल्या पानावर आणखी कुणाच्या तरी नावाने “लवकर बरे व्हा” असं लिहिलेलं होतं, आणि ज्यांना ते पुस्तक आधी दिलं होतं ते बरे झाले नव्हते हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे मी पँटी आत घ्यायला दिल्या, तर त्याने टेप गळ्यात टाकून बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, “घाई नको साहेब. अजून कुठं थांबतंय ते बघू या.”

आता ओळखपत्र. संघटनेचं ऑफिस एका सायकलच्या दुकानावर होतं. एक टेबल, एक सचिव, आणि भिंतीवर तेल लावलेल्या पुरुषांचे फोटो. सचिवांनी माझं ओळखपत्र हातात घेतलं. त्यावरच्या फोटोत एकशे एकतीस किलोचा मी चौकटीच्या दोन्ही बाजूंना टेकलो होतो.

“हे कोण?”

“मी.”

“आणि तुम्ही कोण?”

“तोच. बारीक झालोय.”

“अहो, एवढं? हे तुम्ही असाल, तर तुमच्यातला अर्धा माणूस गेला कुठं?”

शेवटी असं ठरलं की फोटोतला इसम आणि समोरचा इसम एकच आहे, असा एखाद्या प्रतिष्ठित नागरिकाचा दाखला आणायचा. आमच्या इमारतीत प्रतिष्ठित म्हणावं असं एकच माणूस होतं, मुख्याध्यापक. त्यांनी मला बसवून घेतलं, शाईचं पेन काढलं आणि पाऊण तास लिहीत बसले. मध्ये एकदा रुमालाने डोळे टिपले. मला वाटलं, वयामुळे पाणी येत असेल. मग पाकीट डिंकाने बंद करून, वर ‘गोपनीय’ लिहून माझ्या हातात दिलं.

“मला वाचायला...?”

“गोपनीय म्हणजे गोपनीय,” मुख्याध्यापक म्हणाले. चाळीस वर्षं निकाल लावलेला माणूस. मी पाकीट मुकाट्याने सचिवांना नेऊन दिलं. आज वाटतं, वाफेवर धरून उघडायला हवं होतं. पण प्रामाणिकपणा हा माझा जुना आजार आहे, आणि तो मात्र कुणालाच दिसत नाही.

स्पर्धेचा दिवस उजाडला. स्नायू उठून दिसावेत म्हणून अंगाला गडद तपकिरी रंग लावतात. बाकीच्यांना तो त्यांच्या बायका लावून देतात. माझी बायको सकाळी रंगाची बाटली हातात घेऊन दाराशी उभी राहिली होती. मी दाराआडूनच सांगितलं, “तू नको. माणूस बोलावलाय.” थोड्या वेळाने बाटली जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

बोलावलेला माणूस म्हणजे आमच्या इमारतीला गेल्या वर्षी रंग देणारा रंगारी. त्याने मला दिव्याखाली उभं केलं, अंगठ्याने पोटावरची कातडी दाबून बघितली आणि मान हलवली.

“पृष्ठभाग सपाट नाही साहेब. आधी पुट्टी भरावी लागणार.”

“माणसाला पुट्टी भरत नाहीत.”

“मग गॅरंटी नाही.”

ब्रशचे दोन हात दिले. माणूस मन लावून काम करणारा. पण कातडीच्या घड्या उचलून आतून रंग द्यायचा हे त्याला सुचलं नाही, आणि सांगायला माझी जीभ रेटली नाही.

सभागृहामागच्या खोलीत वजनं चालली होती. माझ्या पुढे सगळे पन्नाशीच्या आसपासचे, पण भिंतीसारखे. मी काट्यावर उभा राहिलो. पंचाहत्तर किलो तीनशे ग्रॅम.

“तीनशे ग्रॅम जास्त,” वजन घेणारा म्हणाला. “एक तास देतो. घाम काढा.”

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी नजर सवयीने काट्याच्या बाजूला गेली. शिक्का चार वर्षांपूर्वीचा.

“या काट्याची मुदत संपली आहे,” मी म्हणालो. “हा चालणार नाही.”

“तुम्ही कोण?”

“वजनमापे खातं.”

वजन घेणारा काट्यापासून दोन पावलं मागे सरला. अंगावर फक्त चड्डी आणि दोन हात रंग असताना माझ्या खात्याचा असा दरारा मी प्रथमच पाहिला. सचिव धावत आले, शेजारच्या भंगारवाल्याकडून दुसरा काटा उचलून आणला गेला. त्यावर आमच्याच कचेरीचा ताजा शिक्का होता, खाली माझीच सही. मी ताठ मानेने वर चढलो.

पंचाहत्तर किलो नऊशे ग्रॅम.

जुना काटा सहाशे ग्रॅम कमी दाखवत होता. तो ज्यांना आधी पंचाहत्तरच्या आत ठेवत होता, त्यांतले आणखी दोघे आता बाहेर गेले. एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर आणि एक बेकरीवाला. मग आम्ही तिघं अंगाला प्लास्टिक गुंडाळून सभागृहाचा मागचा जिना वर-खाली पळू लागलो. माझ्या जन्मात मी एवढ्या शिव्या एका तासात कधी ऐकल्या नव्हत्या.

“काका,” बेकरीवाला प्रत्येक मजल्यावर धापा टाकत विचारायचा, “गप्प बसायला काय घेणार होता?”

तासाभराने मी बरोब्बर पंचाहत्तर भरलो. ‘खालील’मध्ये बरोब्बर धरायचं की नाही यावर पुन्हा दहा मिनिटं वाद झाला. प्लास्टिक काढलं तेव्हा रंगाचे ओघळ गुडघ्यापर्यंत आले होते. अर्धं अंग तपकिरी, अर्धं गोरं. रंगाऱ्याने गॅरंटी नाही म्हटलंच होतं.

आणि तसाच मी स्टेजवर गेलो.

नऊ जण होतो. दिवे इतके की समोरचं काही दिसत नव्हतं, फक्त अंधारातून खुर्च्यांची करकर. पहिली पोझ, दोन्ही हात वर. मी हात वर केले. त्याबरोबर दंडाखालच्या घड्या उलगडल्या आणि आतून दोन पांढरेशुभ्र पट्टे बाहेर आले. सभागृहातून “अरे!” असा एक आवाज आला. दुसरी पोझ, पोट आत. मी पोट आत घेतलं. पोट आत गेलं, कातडी जागच्या जागी राहिली. परीक्षकांपैकी एक जण खुर्चीतून पुढे वाकला, आणि मला ठाऊक होतं की त्या झालरीच्या मागे माझे स्नायू आहेत, खरे, मी दोन वर्षं खपून कमावलेले. पण ते मला सोडून कुणालाच कधी दिसणार नव्हते. मी दात दाखवून हसत उभा राहिलो. पोलादसरांनी शिकवलं होतं, काहीही झालं तरी हसायचं. एवढं कठीण वजन मी आयुष्यात उचललं नाही.

नवव्या क्रमांकापासून निकाल सुरू झाला. नववा मी. त्यात नवल नव्हतं. मी वळून आत निघालो, तेवढ्यात निवेदक म्हणाला, “थांबा.”

त्याच्या हातात एक कागद होता. शाईचं अक्षर मी लांबूनही ओळखलं.

“मित्रहो,” निवेदकाने चष्मा पुसला, “एका मुख्याध्यापकांचं हे पत्र मी वाचून दाखवतो. ‘छायाचित्रातील धष्टपुष्ट इसम व आपल्यासमोर येणारा कृश इसम हे एकच असून, ही दुर्धर व्याधीची करणी आहे. सदर गृहस्थ हे कुणापाशी मान्य करत नाहीत. किती दिवस उरले आहेत हे देवच जाणे. त्यांची ही अखेरची इच्छा आपण पुरवावी.’”

मग टाळ्या सुरू झाल्या. मग खुर्च्यांची करकर, एकामागून एक, लोक उभे राहत होते.

मी धावत जाऊन माइक हिसकावला. “मला काहीही झालेलं नाही!”

टाळ्या दुप्पट झाल्या.

“मी ठणठणीत आहे! माझे अकरा रिपोर्ट नॉर्मल आहेत!”

“असेच लढत राहा!” अंधारातून कुणीतरी ओरडलं. पुढच्या रांगेत एक बाई हुंदके देऊ लागल्या. बेकरीवाला रांगेतून तीरासारखा आला आणि त्याने मला मिठी मारली. “माफ करा काका,” तो रडत म्हणाला, “जिन्यात काय काय बोललो मी.” माझा राहिलेला रंग त्याला लागला, त्याचा मला. सचिवांनी माझ्या हातात एक कप दिला. त्यावर ‘उत्कृष्ट मंडप व्यवस्था’ असं कोरलेलं होतं आणि वर घाईघाईने कागद चिकटवला होता: ‘जिद्द’.

दिवे लागले तेव्हा मला शेवटच्या रांगेत माझी बायको दिसली. ती येणार नव्हती. सगळ्यांबरोबर तीही उभी होती, पण टाळ्या वाजवत नव्हती. पर्स छातीशी धरून नुसती उभी.

रिक्षात ती बाहेर बघत बसली. घरी आल्यावर दार लावलं, पर्स टेबलावर ठेवली आणि पाठमोरीच म्हणाली, “किती दिवस आहेत?”

“कसले?”

“मला तरी खरं सांगा.”

हातातला कप मी कधी खाली ठेवला ते आठवत नाही. शेजाऱ्यांचं सोडा, कचेरीचं सोडा. बावीस वर्षं जिच्याबरोबर एका ताटात जेवलो, तीसुद्धा मोजत होती. मी कपाटातून रिपोर्ट काढून तिच्यापुढे ठेवले. ती खुर्चीत बसली, आणि अकराच्या अकरा कागद तिने ओळीवर बोट ठेवून वाचले. एक आकडा दोनदा विचारला. शेवटचा कागद खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

“मग दार का लावून घेत होता?”

माझा हात सदऱ्याच्या बटणांवर गेला.

“दीड वर्ष. मला वाटलं, आत काहीतरी गाठ असणार. मला दाखवायची नाही म्हणून दार लावतात. आज सकाळीसुद्धा त्या रंगाऱ्याला आत घेतलंत, मला नाही.”

मी सदरा काढला. दुसरं काय करणार? ज्याला तीनशे परक्या माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, ते तिला दाखवायचं राहिलं होतं.

तिने बराच वेळ पाहिलं. मग उठली, पोटावरची ती झालर दोन बोटांनी हलकेच उचलली, खाली सोडली.

“एवढंच?”

“एवढंच.”

“अहो, एवढ्यासाठी मी दीड वर्ष...” तिने तोंडावर पदर दाबला. ती रडते आहे की हसते आहे ते मला कळलं नाही. मला वाटतं, तिलाही कळलं नसावं.

थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, “चला न्हाणीघरात. असे पट्ट्यापट्ट्याचे गादीवर झोपणार आहात का?”

रंग निघता निघेना. मी स्टुलावर बसलो आणि ती मागे उभी राहून एका हाताने कातडी ताणून धरायची, दुसऱ्या हाताने घासायची. “हात वर करा. वळा. इथे तर लागलाच नाही, कसला रंगारी तो.” घड्यांमागून घड्या उघडत ती घासत होती, आणि दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या अंगाला तिचा हात असा लागत होता. मी डोळे मिटून घेतले. डोळ्यांत साबण गेला होता, असं मी नंतर सांगितलं.

तेवढ्यात बेल वाजली. पुन्हा वाजली. मग दारावर थापा, आणि जिन्यात पुष्कळ पावलं. स्पर्धेची बातमी आमच्या आधी इमारतीत पोचली होती.

“कोण आहे?” बायकोने तिथूनच ओरडून विचारलं.

“आम्ही सगळे,” पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज आला. “भेटायला आलोय त्यांना. मुख्याध्यापकही आहेत.”

“थांबा जरा!” बायको ओरडली. “मी त्यांना आंघोळ घालतेय!”

बाहेर एकदम शांतता पसरली. मग काकूंचा कापरा आवाज दाराच्या फटीतून आत आला.

“अगंबाई! म्हणजे... गेले?”